ओढून सरळ होत नाही

मन्मथअप्पांनी मला मारलं ते ओळख व्हायच्या आधी.

निलंग्याला माझी बदली झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. मूळ गाव मुदखेड. आगगाडीच्या शिट्टीवर जेवायला बसणाऱ्या गावातला माणूस मी. निलंग्याला रेल्वे नाही, नुसत्या एसट्या, म्हणून उतरल्यापासूनच माझं तोंड वाकडं होतं. शाळेच्या शिपायाने सांगितलं की बाजारात मन्मथअप्पांचं लोखंडाचं दुकान आहे, मागे एक खोली रिकामी आहे, विचारून बघा. मी सकाळी आठलाच ट्रंक घेऊन हजर. दुकानाच्या पायरीवर एक बुटका, आखडलेला माणूस एक पाय वर आणि एक पाय अधांतरी ठेवून उभा होता. खालचा पाय टेकत नव्हता आणि वरचा सुटत नव्हता. मी आपला संस्कारी मास्तर. पुढे झालो आणि आधार द्यायला त्यांचा दंड धरला.

त्यांच्या काठीच्या टोकाला लोखंडी आकडा होता. तो माझ्या नडगीवर बसला. मी ट्रंकेसकट खाली.

"हात लावायचा न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "खोली मागं हाय. उघडून घ्या."

समोरच्या भांड्यांच्या दुकानदाराने मला उठवलं आणि समजावलं, "दहाच्या आत गेलात कामून? अप्पाकडं दहाच्या आत गिऱ्हाईकसुदा जात न्हाई." मी भांडण दिसलं की रस्ता बदलणारा माणूस आहे, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी काही अपेक्षा ठेवणार नाही. तरीही त्या खोलीत मी दहा-अकरा वर्षं राहिलो. भीतीचीसुद्धा सवय होते.

अप्पा तेव्हा पस्तीस-छत्तीसचे असतील. उंची मात्र बारा वर्षांच्या मुलाएवढी. हनुवटी आत गेलेली, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नसे, त्यामुळे भाकरी वरणात कुस्करून खायची. मान वळत नव्हती; बाजूने कुणी हाक मारली की अख्खा माणूस वळायचा. कोपरं सरळ होत नव्हती. दोन्ही मनगटं पक्की बसलेली, तळहात कायम जमिनीकडे, पंजे करंगळीच्या बाजूला कललेले. गुडघे अर्धे वाकलेले. हे सगळं सहाव्या वर्षी सुरू झालं होतं. गावात या दुखण्याला वात म्हणत, आणि लहान लेकराला वात होत नसतो यावरही सगळ्या गावाचं एकमत होतं. मग कुणी मागल्या जन्माचं पाप म्हणे, कुणी म्हणे आईने पोटुशी असताना ग्रहण पाहिलं. अप्पांसमोर मात्र कुणी काही म्हणत नसे.

सकाळी त्यांचे सांधे गंजलेल्या कुलपासारखे धरलेले असायचे. पहाटे उठून बादलीभर ऊन पाण्यात हात बुडवून बसायचं, मग गुडघ्यांवर तेच पाणी, मग भिंत धरून उभं राहायचं. दहा वाजता कुठे माणूस चालता व्हायचा. तोवर दुखण्याने त्यांच्या कपाळावरची शीर उडत असायची, आणि त्या वेळात जो समोर येईल तो खायचा मार. गल्ल्याजवळ वजनं ठेवलेली असत. हात पुरा फिरत नसल्यामुळे अप्पा सगळं धड हिसडून वजन फेकायचे. पावकिलोचं वजन त्यांनी फेकलं आणि चुकलं, असं मी एकदाही पाहिलं नाही.

एकदा एक खेडेगावचा तरुण कुऱ्हाड घ्यायला आला. सोबतच्या मित्राला हसवायला त्याने अप्पांच्या चालण्याची नक्कल केली. अप्पांनी पाहिलं. "चांगलं करतूस की," ते म्हणाले. "एकदा परत करून दाखव. हिकडून तिकडं."

तो बावळट पुन्हा चालला. समोरून जाताना अप्पांनी आकडा त्याच्या घोट्यात घातला आणि मागे रेलले. तो तोंडावर पडला तो थेट ऐरणीवर. दोन दात जागेवर गेले. अप्पांनी त्याला तांब्याभर पाणी दिलं, मला म्हणाले, "गुरुजी, ह्याला दवाखान्यात न्या," आणि त्याची कुऱ्हाड दांडा बसवून तयार ठेवली. संध्याकाळी तो सुजलेल्या तोंडाने येऊन ती घेऊनही गेला.

बाजारातले काही दुकानदार जुने वाकडे खिळे ठोकून सरळ करत आणि नव्यात मिसळून विकत. अप्पांना त्याचा भयंकर राग. असा खिळा दुकानात सापडला की गटारात. "वाकडा खिळा ठोकून सरळ दिसतुया," म्हणायचे, "पर लाकडात घालून बगा. तिथंच मोडतो."

घर लिंगायत. रोज आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला भस्म, बेलाचं पान, आणि मग नजर लावून बसायचं. अप्पांचा तळहात वर होतच नव्हता. ते लिंग पालथ्या हातावर, पंजाच्या मागच्या बाजूला ठेवत आणि तशीच पूजा करत. मी खोलीच्या खिडकीतून बघायचो. सगळ्या दिवसात तेवढाच वेळ त्या माणसाच्या तोंडावर राग नसायचा. एका व्यापाऱ्याने एकदा, "अप्पा, पालथ्या हातावर देव ठेवणं बरं दिसत न्हाई," असं सुचवून पाहिलं होतं. त्याच्या खांद्यावर वजनाची खूण पुढे कित्येक महिने होती.

लग्न त्यांनी केलं नाही. धाकटा भाऊ वीरभद्र, त्याची बायको आणि त्यांची मुलगी गौरा, असं घर. वीरभद्र आडदांड आणि मऊ. दुकानातलं उचलायचं काम त्याचं. अप्पांच्या सगळ्या शिव्या तो मुंडी हलवून ऐकायचा. गौराला मात्र अप्पांनी कधी काठी दाखवली नाही. त्यांच्या घरात थोडं कानडी होतं. मोठ्या काकाला दोडप्पा म्हणत. ती पोर सकाळी आठ वाजतासुद्धा "दोडप्पा" म्हणत त्यांच्याजवळ जायची आणि साबूत परत यायची. सगळ्या निलंग्यात ती एकटीच.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सगळा तालुका खडी फोडायला रस्त्यावर. टिकाव, फावडी, हातोडे दुकानात टिकेनात. विहिरी तळाला गेल्या, आणि भर बाजारातल्या सरकारी विहिरीवर घागरींच्या रांगा लागल्या. अप्पांनी पहिलं काय केलं, तर स्वतःची सकाळची ऊन पाण्याची बादली बंद केली. कढईत ज्वारी तापवून फडक्यात बांधायची आणि ती सांध्यांवर धरायची. त्याने भागत नव्हतं. त्या वर्षी दहाचे बारा झाले.

त्याच थंडीत गौराला ताप येऊ लागला. सात वर्षांची पोर. संध्याकाळी अंगभर लाल चट्टे, सकाळी गायब. मग गुडघे सुजले. मग दोन्ही मनगटं. सकाळी तिला उठता येईना. बसल्या बसल्या सरकत परसात जायची. डावा हात आखडून पालथा पडायला लागला.

अप्पा बघत होते. त्यांनी त्या दिवसांत कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. मी मूर्ख, मला वाटलं माणूस निवळला.

वीरभद्र रडकुंडीला आला होता. शिवरात्रीला मठातले स्वामी येणार होते आणि गौराला दीक्षा द्यायची ठरलेली होती. "गुरुजी, लेकराचा तळहात उघडंना," तो मला म्हणाला. "लिंग कशावर घील ती? एक असा घरात हायच. दोन झाले तर लोक म्हणतील, ह्या घरावर कोप हाय." आणि मी, मुदखेडचा शहाणा, त्याला म्हणालो की आमच्याकडे उमरीला एक हाडवैद्य आहे. माझ्या मामाचा निखळलेला खांदा त्याने एका झटक्यात बसवला होता. हाताला यश आहे.

अप्पा लोखंड आणायला दोन दिवस लातूरला गेले, तो मोका आम्ही साधला. रविवारी मी स्वतः उमरीला जाऊन वैद्याला घेऊन आलो. सोमवारी सकाळी अंगणात घोंगडी टाकली. वैद्याने तीळतेल कोमट करून घेतलं, गौराच्या मनगटावर चोळलं. वीरभद्राने तिला मांडीत आवळून धरलं. मी पाय धरले. होय, मीच. सुजलेल्या गुडघ्यांच्या खाली, दोन्ही पाय.

वैद्याने पहिल्यांदा ओढलं तेव्हा ती ओरडली नाही, तिचा श्वासच गेला. मग जी किंकाळी आली ती अजून माझ्या कानात आहे. "अजून एकदा," वैद्य म्हणाला, आणि त्याने पकड बदलली.

लातूरची पहिली गाडी आठला येते. अप्पांचा मुक्काम दोन दिवसांचा होता, पण लोखंड मिळालं नाही म्हणून ते रात्रभर स्टँडवर फेऱ्या मारून, सांधे धरू न देता, परतले होते. अंगणाच्या दारातून ते आत आलेले आम्ही पाहिलेच नाहीत. आकडा वैद्याच्या सदऱ्याच्या गळ्यात अडकला आणि तो उताणा पडला. वीरभद्राच्या पाठीत काठी बसली, पुन्हा बसली, पोर त्याच्या मांडीतून सुटेपर्यंत बसत राहिली. मी पाय सोडून मागे सरकलो तरी माझ्या मनगटावर एक बसलीच. वैद्य हात टेकून उठायला गेला. अप्पांना खाली वाकता येत नव्हतं. त्यांनी उभ्यानेच आकडा त्याच्या उजव्या अंगठ्यात घातला, पाय रोवले, आणि सगळं अंग मागे टाकून दिलं.

"वडणं कसं असतंय ते बग," ते म्हणाले.

अंगठा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. अप्पा स्वतःही मागे कोसळले. वैद्य हात छातीशी धरून अंगणात लोळत होता, आणि अप्पा उताणे पडल्या पडल्या बोलत होते. वीरभद्र उचलायला गेला तर त्याच्यावर थुंकले.

"तू पाळण्यात व्हतास," ते भावाला म्हणाले. "तुला कुणी सांगितलं न्हाई. मी आठ वर्सांचा. माझा हात असाच सुजला, असाच पालथा पडला. बाबाला लिंग तळहातावर पायजे व्हतं. थोरलं पोरगं पूजेला बसलं पायजे. तालमीतला वस्ताद आणला, तीन पैलवान आणले. एक छातीवर बसला. दोगांनी दंड धरला. वस्तादानं मनगट वडून फिरवलं. कट्ट वाजलं. बाबानं लगेच लिंग ठिवलं हातावर. ऱ्हायलं रं. पाच मिन्टं ऱ्हायलं. बाबा रडला आनंदानं. सांजच्याला हात मांडीएवढा झाला, अन् उतरला तवा जो पालथा पडला तो पडला. बाबा म्हणला, दुसरा बी करून घिऊ."

वीरभद्र भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता. अप्पा सरकत सरकत खांबापर्यंत गेले आणि त्याला धरून उभे राहिले. एवढ्याला पाऊण तास लागला. कुणाचीही जवळ जायची छाती झाली नाही. गौरा तेवढी घोंगडीवरून त्यांच्याकडे बघत होती.

वैद्याला उमरीला पोचवायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते माझ्याकडेच यायला हवं होतं. दवाखान्यात अंगठ्याला पट्टी बांधून आम्ही गाडीत बसलो. तो माणूस वाईट नव्हता. आता हाताचं यश संपलं होतं, पोटाचं काय, हे मला विचारायचं धाडस झालं नाही. नांदेड जवळ आल्यावर तो आपणहून बोलला. "गुरुजी, हाड निखळलेलं नव्हतंच. नुसती सूज व्हती. हात लावल्या लावल्या कळलं मला."

"मग ओढलंत कशाला?"

"येवढ्या लांबून बोलावून नेलं तुमी. न वडता कसं माघारी येऊ?"

त्याने पोलिसात तक्रार दिली नाही. मीही कधी पुन्हा त्याच्या दारात गेलो नाही. लाज वाटते, पण खरं ते हे.

त्या आठवड्यात अप्पा गौराला घेऊन सोलापूरला गेले. लहान मुलांचा एक डॉक्टर होता, त्याचं नाव त्यांना लातूरला कळलं होतं. गौराला पाठुंगळी घ्यायला वीरभद्र, कागद वाचायला मी. डॉक्टरांनी तिचा एकेक सांधा बघितला, डोळे बघितले, रक्त घेतलं. मग खुर्ची फिरवून अप्पांकडे बघितलं. "तुम्हालाही हेच झालं होतं. लहान मुलांचा संधिवात. तुमचा आता थंडावलाय, पण सांधे खाऊन गेलाय. खुब्यांचे तर पुढे हाल आहेत."

तीस वर्षं ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं होतं. मग अप्पांनी विचारलं, "वस्तादानं वडलं नसतं तर माझा हात ऱ्हायला असता का?"

"सांगता येत नाही. आजारानेही गेला असता. थोडा वाचलाही असता."

"हाव की न्हाई, येवढं सांगा."

"नाही सांगता येत, अप्पा."

अप्पांनी टेबलावर काठी आपटली, काच तडकली, आणि डॉक्टरांनी तिकडे न बघता पुढे सांगितलं. गोळ्या रोज. रात्री हाताला लाकडी फळी बांधायची. सकाळी ऊन पाण्यात हात-पाय शेकायचे आणि मग तिने स्वतः सांधे हलवायचे, जेवढे जातील तेवढे, दुखलं तरी. दुसऱ्या कुणी ओढायचं नाही. एक दिवस चुकवायचा नाही. चुकवलं तर काय होईल हे पोरीसमोर सांगायची गरज नव्हती. ती काकाच्या शेजारीच बसली होती.

आता प्रश्न पाण्याचा. घराला दिवसाकाठी दोन घागरी मिळत, प्यायला आणि स्वयंपाकाला. अप्पा धरलेल्या सांध्यांनीच, भिंतींचा आधार घेत, रोज पहाटेपासून विहिरीवर तिसरी घागर मागायला उभे राहू लागले. पोरीचे हात शेकायला पाणी, हे ऐकून रांगेतली माणसं बिथरली. "हितं लेकरं तान्हेली मरून ऱ्हायली, अन् तुमी हातं धुता व्हय?" त्यांचंही काय चुकत होतं? शेकून झालं की तेच पाणी घरच्या गाईला पाजत होते, पण ते कोण ऐकणार.

चौथ्या की पाचव्या दिवशी एकाने भरलेली तिसरी घागर लाथेने कलंडवली. पाणी मातीत गेलं. अप्पांचा आकडा त्याच्या कानशिलावर बसला, रक्त आलं. मग त्याचे दोन भाऊ धावले. त्यांनी अप्पांना पायऱ्यांवरून खाली लोटलं आणि तिघे तुडवू लागले. मार खाणारा माणूस आधी दोन्ही हात डोक्यावर घेतो. अप्पांचे हात तिथपर्यंत जात नव्हते. ते उघड्या तोंडावर लाथा घेत होते आणि खालूनच एकाच्या पोटरीला चावत होते. मी रांगेत रिकामी घागर घेऊन उभा होतो. दहा पावलांवर. मी उभाच राहिलो. हे लिहितानाही अंगाची आग होते.

बायकांनी शेवटी ते सोडवलं. डाव्या खुब्यात त्या दिवशी काहीतरी कायमचं गेलं. पुढे तो पाय त्यांनी ओढतच टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारावर आकडा वाजला. फुटलेला ओठ, एक डोळा बंद. "गुरुजी, घागर तुमी धरा. मी मारामारी बगतो."

आम्ही गेलो. मी घागर पुढे केली. कालचा तो कानाला फडकं बांधलेला माणूस रहाटावर होता. त्याने खाली मान घालून घागर भरली. पाऊस पडेपर्यंत ती तिसरी घागर कुणी अडवली नाही. लाजेने की भीतीने, मला कळलं नाही. विचारायलाही गेलो नाही.

शिवरात्रीला स्वामी आले. वीरभद्राने हात जोडून पोरीच्या तळहाताचं विचारलं. म्हातारे स्वामी चकित झाले. "तळहात उघडला न्हाई तर शिव येत न्हाई, असं कुणी सांगितलं तुमाला? लेकराला जसं जमंल तसं घेऊ द्या. मला आधी इचारायचं." अप्पा दाराशी उभे होते. ते वळून दुकानात गेले आणि दिवसभर फळ्या लावून आत बसले. बाहेर नुसते लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येत होते.

पुढची दहा वर्षं मी रोज सकाळी एकच भांडण ऐकत उठलो. गौराचे हात ऊन पाण्यातून निघाले की अप्पा समोर स्टुलावर. मूठ मिट, मूठ उघड. कोपर ताण. पाण्याने भरलेली वाटी तळहातावर पेलायची, ती उतरवून हात पालथा-उताणा. अप्पा काठी फरशीवर आपटायचे, भिंतीवर वजन फेकायचे, अर्वाच्य बोलायचे. त्या भिंतीचा गिलावा कधी टिकला नाही. पोर रडायची, शिव्या द्यायची.

"मर की तू एकदाचा."

"मरतो. आदी वीसदा कर."

एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्या हाताला बोट लावलं नाही. एकदा तिचं बोट अडकून बसलं, ती कळवळून म्हणाली, "दोडप्पा, जरा धरून सरळ कर की." अप्पांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. ते पाठीमागे जात नव्हते, तरी नेले, आणि ओरडले, "तुझं तू कर."

ती त्यांचा द्वेष करायची. तिने मला तसं सांगितलंही होतं. मैत्रिणी अंगणात खेळायच्या तेव्हा हिला काठीच्या तालावर मुठी वळायला लागायच्या. तिच्या दृष्टीने त्या घरात राक्षस एकच होता. अप्पांना ते माहीत होतं. "करू दे द्वेष," मला म्हणाले होते. "रागानं हात जोरात हलतो."

त्यांचा स्वतःचा देह मात्र खचत गेला. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, मुंबईला आता खुबा बदलून मिळतो. अप्पा म्हणाले, "मला कुणी कापायचं न्हाई, वडायचं न्हाई, बसवायचं न्हाई. मी हाय तसा जातो." पंचेचाळिशीत ते सत्तरीचे दिसायचे.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. आजवर साध्या कागदाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता कचेऱ्यांवर नव्या पाट्या, रंगाचा वास, आणि सगळ्या निलंग्याची लातूरला ये-जा. गौरा सतरा वर्षांची झाली होती. तिला शिक्षिका व्हायचं होतं. डी.एड.चा नंबर लागला होता, फक्त प्रकृती ठीक असल्याचा सरकारी डॉक्टरचा दाखला हवा होता. तो नाही मिळाला तर जागा दुसऱ्याला. माझी बदली त्याच आठवड्यात मुदखेडकडे झाली होती. जाता जाता लातूरला दाखल्याचं काम करून देतो म्हणालो. अप्पा हट्टाने सोबत आले. त्यांना एसटीत चढायला इतका वेळ लागला की कंडक्टर खाली उतरून बिडी ओढून आला.

डॉक्टर तरुण होता, नवीनच आलेला, दमलेला. त्याने सोलापूरचे जुने कागद वाचले. गौराकडे न बघता अप्पांकडे बघितलं.

"लहानपणापासून संधिवात आहे हिला. शिक्षकाचं काम म्हणजे दिवसभर उभं राहणं, फळ्यावर लिहिणं. उद्या हिचं यांच्यासारखं झालं तर? मी कशावर सही करू?"

"आदी तपासा," अप्पा म्हणाले. "मंग लिवा."

"अहो, समोर दिसतंय की काय होतं ते."

अप्पांची काठी वर गेली. मी ती काठी दहा वर्षं पाहिली होती; ती वर गेली की खाली कुणाच्या तरी अंगावरच यायची. डॉक्टरला लागली असती तर दाखला गेला, नोकरी गेली, वर पोलीस. मी डोळे मिटून घेतले.

आवाज आला तो काठीचा नव्हता. डोळे उघडले तर अप्पा भिंतीला जाऊन टेकले होते, काठी फरशीवर, आणि गौरा त्यांच्यासमोर उभी. उजव्या हातात कागद होते, म्हणून तिने डाव्याने मारली होती. पुरा हात मागे नेऊन, कानाखाली.

"मुकाट बस," ती म्हणाली. "माझा कागद हाय त्यो. तुझा न्हाई. माझा हात, माझा कागद. लई झालं तुझं." आणि मग तिला रडू फुटलं.

सतरा वर्षांच्या पोरीने थोरल्या काकाला चारचौघांत मारलं होतं. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. मला वाटलं, आता अप्पा तिला जिवंत ठेवत नाहीत. अप्पा भिंतीला धरून सावरले. त्यांनी सगळं अंग वळवून डॉक्टरकडे तोंड केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते माराने की कशाने, कोण जाणे.

"बगितलं का, सायेब?" ते म्हणाले. "डावा व्हता."

डॉक्टरने गौराला बसवलं, पाणी दिलं, आणि अर्धा तास तिचा एकेक सांधा तपासला. मूठ, कोपर, मांडी घालून बसणं, उठणं. मग सही केली.

स्टँडवर माझी नांदेडची गाडी आधी लागली. गौरा पाणी प्यायला नळावर गेली होती. मी खिडकीत बसलो होतो आणि खाली बाकावर अप्पा, शेजारी फेटा बांधलेला एक अनोळखी म्हातारा. अप्पा सगळे त्याच्याकडे वळले होते आणि त्याला आपला गाल दाखवत होते.

"पुतणीनं मारलं," ते सांगत होते. "बोटं मोजा बरं किती उठल्यात."

म्हाताऱ्याने चष्मा वर केला आणि खरोखरच वाकून मोजायला लागला. "चार," तो म्हणाला.

"हाव," अप्पा म्हणाले. "करंगळी वाकडी हाय तिची. तेवढी ऱ्हायली."